बुडत्या विमान कंपनीचं नेमकं काय विकत घेता येतं?

तेल्हारा तालुक्यातल्या एका भावानं इथं प्रश्न टाकलाय, तो आधी माझ्या शब्दांत सांगतो. तूर विकून त्यांच्या हातात दोनेक लाख रुपये आले आहेत. अकोल्याचा साळा म्हणतो, एका डबघाईला आलेल्या विमान कंपनीचा शेअर सध्या चहाच्या किमतीत मिळतोय, तो उचला. त्याचा हिशेब असा: कंपनीजवळ विमानं आहेत, मुंबई-दिल्लीचे स्लॉट, म्हणजे विमान उतरायच्या-निघायच्या ठरलेल्या वेळा आहेत, चालू मार्ग आहेत. कंपनी बुडाली तरी या सगळ्यावर मोठ्या कंपन्या तुटून पडतील आणि त्या ओढाताणीत भागधारकाचं भलं होईल. शेवटी भावानं आणखी एक ओळ जोडली आहे, की अशी कंपनी बंद पडली तर तिची लहान गावांची विमानं दुसरं कोणी चालवतं का? अमरावतीला आत्ता कुठे विमान उतरायला लागलंय, म्हणून काळजी.

कंपनीचं नाव त्यांनी लिहिलेलं नाही, ते बरंच केलं. नाव कळलं असतं तर मी भाव चढेल की पडेल यावर बोलत बसलो असतो, आणि त्यातलं मला काही कळत नाही. मला कळतं ते एवढंच, की विमान कंपनी लडखडली की कोण काय ओढून नेतं. सव्वीस वर्षं मी याच धंद्यात होतो. आधी एका कंपनीच्या वेळापत्रक विभागात स्लॉटचे अर्ज भरायचो, पुढे विमानं भाड्यानं देणाऱ्यांच्या वतीनं त्या विमानांची आणि त्यांच्या कागदांची तपासणी करायचो. आता वरुड तालुक्यात वडिलांची संत्र्याची बाग पाहतो.

तर साळेबुवांचं अर्धं म्हणणं खरं आहे. मारामारी होते, आणि ती कंपनी बंद पडायच्या आधीच सुरू झालेली असते. फक्त ज्या वस्तूंसाठी ती होते, त्यातल्या बहुतेक त्या कंपनीच्या नसतातच. खरा प्रश्न शेअर स्वस्त आहे की महाग हा नाही. त्या शेअरमागे मालकीचं काय आहे, हा आहे.

आमच्याकडे आंबिया बहाराचा माल झाडावरच विकतात. व्यापारी इसार देतो, बागेत झोपडी टाकतो, राखणदार बसवतो, लदलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू देतो. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं बाग त्याचीच आहे. उद्या तो व्यापारी बुडाला आणि त्याचे सावकार माझ्या बागेत कुऱ्हाड घेऊन आले, तर मी त्यांना चहा पाजून वाटेला लावीन. झाडं माझी आहेत, व्यापाऱ्याचा होता तो फक्त एका बहाराचा हक्क. आपल्या देशातल्या बहुतेक विमान कंपन्या अशाच बहार घेतलेल्या व्यापारी आहेत. विमानं आयर्लंडमधल्या नाहीतर आणखी कुठल्या भाडेकंपनीची, कंपनीचं असतं ते महिन्याचं भाडं भरायचं ओझं. हे मी शेजारच्या काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "काऊन बा, इमान त्याईचं नोहे त मंग त्याच्यावर नाव काऊन लिहेल हाय?" नाव रंगाचं आहे, काका. रंग खरवडायला हँगरमध्ये आठवडासुद्धा लागत नाही. पुढच्या वेळी विमानात चढलात तर दाराच्या चौकटीच्या आसपास एखादी लहानशी धातूची पाटी दिसते का बघा. हे विमान अमक्याच्या मालकीचं असून भाड्यानं दिलेलं आहे, असं तिच्यावर कोरलेलं असतं.

पुष्कळदा तर कंपनीनं ते विमान स्वतःच मागवलेलं असतं. एकदम शे-दोनशे विमानांची ऑर्डर दिली की कारखाना घसघशीत सूट देतो. विमान ताब्यात आलं की त्याच दिवशी ते भाडेकंपनीला चढ्या दरानं विकायचं आणि तेच परत भाड्यानं घ्यायचं. मधला फरक त्या वर्षीच्या नफ्यात दिसतो. पण दरमहा डॉलरमध्ये द्यायचं भाडं पुढची कितीतरी वर्षं मानेवर बसतं. स्वतःचं वावर विकून त्याच वावरात मक्त्यानं पेरणाऱ्या कास्तकाराचा ताळेबंद पहिल्या वर्षी जसा छान दिसेल, तसाच हा.

आता भाडं थकलं की मालक विमान कसं नेतो? इथं आपल्या देशात गेल्या बारा-तेरा वर्षांत बरंच पाणी वाहून गेलंय आणि तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

विमानाची नोंदणी डीजीसीएकडे, म्हणजे केंद्राच्या विमान वाहतूक महासंचालनालयाकडे असते. तो विमानाचा सातबारा समजा. त्यावर मालकाचंही नाव असतं आणि चालवणाऱ्याचंही. विमान भाड्यानं देतानाच मालक कंपनीकडून एका कागदावर सही घेऊन ठेवतो. त्याला आमच्यात इडेरा म्हणतात. अर्थ असा, की मालकानं मागितलं तर ही नोंदणी रद्द करा आणि विमान देशाबाहेर नेऊ द्या, आमची हरकत राहणार नाही, आणि ही सही आम्हाला मागे घेता येणार नाही. हा कागद २००१ च्या केपटाऊन करारातून आलाय आणि भारत त्या करारात २००८ मध्ये सामील झाला.

पण करार करणं वेगळं आणि पाळणं वेगळं. किंगफिशर २०१२ च्या ऑक्टोबरात थांबली तेव्हा विमानांच्या मालकांना आपलीच विमानं सोडवायला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. विमानतळांचं भाडं थकलेलं, कर थकलेला, प्रत्येक जण चाकाखाली दगड ठेवून उभा. त्या अनुभवानंतर २०१५ मध्ये विमान नियमांत बदल झाला आणि इडेरा असलेल्यानं अर्ज केला की पाच कामकाजी दिवसांत नोंदणी रद्द करायची असं ठरलं. त्यामुळे १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेज थांबली तोवर तिची बरीच विमानं मालकांनी काढून घेतलीही होती. शंभरावर विमानांची कंपनी, शेवटच्या आठवड्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उडत होती.

मग आलं गो फर्स्टचं प्रकरण. २ मे २०२३ ला कंपनीनं स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज केला. निम्म्याच्या आसपास विमानं इंजिनांअभावी आधीच जमिनीवर होती. १० मे ला एनसीएलटीनं, म्हणजे कंपन्यांच्या न्यायाधिकरणानं, अर्ज दाखल करून घेतला आणि दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ प्रमाणे स्थगिती लागली, म्हणजे कंपनीच्या ताब्यातलं काहीही कोणी उचलायचं नाही. मालकांनी आधीच अर्ज टाकले होते, पण विमानं अडकली. ५४ विमानं जवळपास वर्षभर उभी. मालक दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि सांगू लागले की आमच्या विमानांचे भाग गायब होताहेत. न्यायालयानं त्यांना अधूनमधून तपासणीची परवानगी दिली. ३ ऑक्टोबर २०२३ ला केंद्रानं अधिसूचना काढून विमानं आणि इंजिनं त्या स्थगितीतून वगळली, २६ एप्रिल २०२४ ला उच्च न्यायालयानं नोंदण्या रद्द करायला सांगितलं, आणि २०२५ मध्ये संसदेनं विमानांतल्या हितसंबंधांच्या रक्षणाचा वेगळा कायदाच केला. गो फर्स्ट २० जानेवारी २०२५ ला अवसायनात निघाली, म्हणजे मोडीत काढून असेल ती मालमत्ता विकायची ठरली.

भाडेकंपन्यांच्या बाजूनं काम केलेला माणूस म्हणून मला हा कायदा योग्य वाटतो. दुसऱ्याची वस्तू दुसऱ्याच्या दिवाळखोरीत अडकू नये. पण भागधारकाच्या बाजूनं बघा. पूर्वी मालकाला धाकधूक असायची की विमान अडकेल, म्हणून तो दोन महिने थांबायचा, वाटाघाट करायचा. आता त्याला थांबायचं कारण उरलं नाही. म्हणजे कंपनी आजारी पडली की बरी व्हायला मिळणारा वेळ कमी झालाय.

आता कागदांची गोष्ट सांगतो, कारण बाहेरच्यांना विमानाची किंमत पत्र्यात वाटते आणि ती असते कागदात.

एका बंद पडलेल्या कंपनीची चार विमानं बघायला मी मुंबईला गेलो होतो. जुलै महिना, पाऊस तिरपा मारत होता. विमान उभं ठेवायचं म्हटलं तरी त्याला खर्च असतो. इंजिनांना आच्छादनं लागतात, आत ओल शोषणाऱ्या पिशव्या ठेवून त्यांचे पट्टे तपासावे लागतात, चाकं थोडी थोडी फिरवत राहावी लागतात, नाहीतर टायर एका जागी बसतात. कंपनीनं पगारच थांबवलेला, ते कोण करणार? पहिल्या विमानाच्या डाव्या इंजिनाचा क्रमांक माझ्या कागदावरच्या क्रमांकाशी जुळेना. माझ्या मालकाचं इंजिन पलीकडे उभ्या असलेल्या, भलत्याच मालकाच्या विमानाला लावलेलं. चालत्या कंपनीत ही अदलाबदल रोज होते, त्यात गैर काही नाही, नोंद असली म्हणजे झालं. पण कंपनी थांबल्यावर कोणाचं इंजिन कोणाच्या पंखाखाली आहे हे शोधणं म्हणजे पोळा फुटल्यावर गर्दीत आपली बैलजोडी शोधणं. आणि इंजिनाची किंमत बरेचदा उरलेल्या सगळ्या सांगाड्यापेक्षा जास्त असते.

नोंदवह्या एका खोलीत कुलूपबंद होत्या. किल्ली ज्याच्याकडे, त्याला चार महिने पगार नव्हता. माणूस भला होता. चहा मागवला त्यानं, स्वतःच्या पैशानं. म्हणाला, "साहेब, किल्ली देतो, पण आमचं कोणी ऐकत नाही हे तुमच्या रिपोर्टात लिहा." मी लिहिलं. लंडनमध्ये ते कोणी वाचलं असेल असं वाटत नाही. इंजिनातल्या काही चकत्यांचं आयुष्य फेऱ्यांमध्ये ठरलेलं असतं, इतकी उड्डाणं झाली की ती चकती फेकायची. ती कारखान्यातून निघाल्यापासून आजवर किती उडाली याचा अखंड कागद लागतो. मधली चार पानं हरवली तर ती चकती चांगली असूनही भंगार. त्या चार विमानांपैकी एकाची किंमत अशाच हरवलेल्या पानांनी खाल्ली.

म्हणून साळेबुवा समजा म्हणाले की काही विमानं कंपनीच्या स्वतःच्या मालकीची आहेत, तरी हुरळून जाऊ नका. विजय मल्ल्यांचं ए-३१९ हे खासगी विमान सेवाकर खात्यानं जप्त केलं होतं. लिलाव पुन्हा पुन्हा फसले आणि अखेर २०१८ मध्ये ते ३४.८ कोटींना गेलं, सुरुवातीच्या अपेक्षेच्या मानानं कवडीमोल. आणि आपल्या नागपूरचंच बघा. १९९१ मध्ये बिघाड होऊन सोनेगाव विमानतळावर उतरलेलं एक बोईंग ७२० परत उडालंच नाही. २०१५ मध्ये ते धावपट्टीजवळून हलवलं, तोवर २४ वर्षं ऊन-पाऊस खात उभं होतं. माझ्या पिढीतल्या ज्यांनी नागपूरहून विमान पकडलंय, त्यांना ते आठवत असेल.

इथवर मथितार्थ असा: उडती विमानं मालक नेतो, उभी विमानं गंजतात, आणि दोन्हींतून भागधारकाच्या वाट्याला फारसं काही येत नाही.

मग ती विमानं पटकवतं कोण? इथं "मोठी कंपनी घेईलच" हे गृहीत धरू नका. ज्याला त्या क्षणी त्या जातीच्या विमानाची नड आहे, तो घेतो. जेट थांबली त्याच्या महिनाभर आधी, मार्च २०१९ मध्ये, बोईंगच्या ७३७ मॅक्स विमानांवर जगभर बंदी आली होती आणि स्पाइसजेटची डझनभर विमानं जागेवर बसली होती. जेटची विमानं जुन्या ७३७ जातीची, स्पाइसजेटचे वैमानिक तीच चालवणारे. तिनं झपाट्यानं ती भाड्यानं घेतली, जेटचे कर्मचारीही घेतले. व्हिस्टाराकडे खरं तर एअरबस होती, तरी तिनंही जेटची काही ७३७ घेतली. इंडिगो सगळ्यात मोठी, पण तिचा ताफा एअरबस आणि एटीआर या लहान, पंख्यांच्या विमानांचा. तिला त्या विमानांपेक्षा रिकाम्या झालेल्या वेळांमध्ये रस. आणि हे सगळं कोणी कोणाशी केलं? नव्या कंपनीनं विमानाच्या मालकाशी. जेटच्या भागधारकाला त्यातला एक रुपया मिळायचं कारणच नव्हतं.

आता स्लॉट. लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथं आहे, कारण परदेशातल्या बातम्या आपण इथं लावतो.

स्लॉट म्हणजे अमुक विमानतळावर अमुक वाजता उतरायची किंवा निघायची परवानगी. मुंबईला एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्या, एका वेळी एकच वापरात, त्यामुळे गर्दीच्या तासाला ४६ च्या आसपास विमानं ये-जा करतात. सकाळी सहा-सातची आणि संध्याकाळची वेळ सोन्यासारखी. दुपारी अडीचची वेळ मागा, कोणीही देईल. वर्षाचे दोन हंगाम, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून हिवाळी. मिळालेल्या मालिकेतल्या ८० टक्के फेऱ्या तुम्ही चालवल्या तर पुढच्या वर्षी त्याच हंगामात ती वेळ तुमची. नाही चालवल्या तर गेली. सीसीआयच्या केंद्रावर कापसाच्या गाडीचा नंबर लागतो ना, तसंच. नंबर तुमचा आहे, तोवर तुमचा आहे. गाडीच आली नाही तर मागचा पुढे सरकतो. आणि तो नंबर तुमच्या सावकाराकडे गहाण टाकता येत नाही.

ब्रिटनमध्ये गोष्ट वेगळी आहे. मोनार्क एअरलाइन्स २०१७ मध्ये बुडाली, तेव्हा तिचे स्लॉट विकून पैसे उभे करायचा हक्क तिथल्या अपील न्यायालयानं प्रशासकांना दिला आणि गॅटविकचे स्लॉट ब्रिटिश एअरवेजच्या मूळ कंपनीनं घेतले. २०१९ मध्ये थॉमस कुक बुडाल्यावर तिचे गॅटविक आणि ब्रिस्टलचे स्लॉट इझीजेटनं ३ कोटी ६० लाख पौंडांना उचलले. साळेबुवांच्या डोक्यात असाच एखादा आकडा असणार.

आपल्याकडे स्लॉटची अशी खरेदी-विक्री नाही. जेट थांबली तेव्हा मुंबईत २८० आणि दिल्लीत १६० असे ४४० स्लॉट रिकामे झाल्याचं सरकारनंच सांगितलं होतं. तिकिटांचे भाव भडकलेले, त्यामुळे ते तीन-तीन महिन्यांसाठी दुसऱ्या कंपन्यांना वाटायचं ठरलं. कागदावर तात्पुरते. जी कंपनी जास्तीची विमानं आणेल तिला प्राधान्य, कारण आपल्याच लखनौच्या फेरीचं विमान काढून मुंबईच्या स्लॉटवर लावलं तर देशातल्या आसनांत भर पडत नाही. त्या काळात वेळापत्रक विभागात कसं वातावरण असतं ते मी पाहिलंय. विमान अजून दुसऱ्या देशात रंगवायला उभं असतं आणि इकडे त्याच्या नावानं तीन वेळा मागून झालेल्या असतात. रात्री विमान उभं करायची जागाही लागतेच. मुंबईत मुक्कामाला जागा नसेल तर सकाळी सहाचा स्लॉट घेऊन करायचं काय?

पुढे जेटसाठी नवे खरेदीदार आले, जालान-कालरॉक. त्यांचा आराखडा एनसीएलटीनं जून २०२१ मध्ये मंजूर केला, पण जुने स्लॉट हक्क म्हणून परत मिळतील असं काही पदरात पडलं नाही. सरकारची भूमिका सरळ होती, की वापर थांबला तिथं जुना हक्क संपला. विमानं नाहीत, स्लॉट नाहीत, मग उरलं काय? नाव, काही जुनी विमानं, थोडी स्थावर मालमत्ता आणि परवाना. मे २०२२ मध्ये उड्डाण परवानाही पुन्हा मिळाला, तरी कंपनी उडाली नाही. ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं ती अवसायनात काढायचा आदेश दिला आणि खरेदीदारांनी भरलेले २०० कोटीही जप्त झाले.

परवाना हा शब्द आलाच आहे तर एक गोष्ट मान्य करतो, कारण ती माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते. परवाना मात्र खरोखर कंपनीचा असतो आणि कधीकधी त्याला किंमत येते. २००७ मध्ये किंगफिशरला कॅप्टन गोपीनाथांच्या एअर डेक्कनमध्ये रस होता, त्यामागे एक कारण त्या कंपनीचं वय होतं. तेव्हा परदेशी उड्डाणांसाठी देशात पाच वर्षं उडालेलं असावं आणि वीस विमानं असावीत असा नियम होता. किंगफिशर २००५ ची, डेक्कन २००३ ची. डेक्कनच्या अंगात शिरून किंगफिशर २००८ मध्येच परदेशात गेली. स्पाइसजेटही नव्वदच्या दशकातल्या बंद पडलेल्या मोदीलुफ्तच्याच सांगाड्यावर उभी राहिली. पण त्यातली पाच वर्षांची अट २०१६ मध्ये उठली. आज जुना परवाना विकत घेऊन त्यासोबतची जुनी देणी कोण अंगावर घेईल? नवा परवाना काढणं सोपं.

मार्गांबद्दल थोडक्यात. १९९४ नंतर देशातला कुठलाही मार्ग कोणाच्या मालकीचा नाही. नागपूर-मुंबई कोणतीही परवानाधारक कंपनी उडवू शकते. परदेशी मार्गांवर दोन देशांत ठरलेल्या आसनांचा कोटा असतो, तो मंत्रालय वाटतं आणि न वापरल्यास काढून दुसऱ्याला देतं. जेटचेही तसेच दिले. अपवाद उडानचा, म्हणजे लहान गावं विमानानं जोडायच्या सरकारी योजनेचा. तिथं बोली जिंकणाऱ्याला तीन वर्षं त्या मार्गावर एकट्याचा हक्क आणि तोटा भरून काढायला अनुदान मिळतं. तोही विकायचा हक्क नव्हे.

यातूनच तुमच्या शेवटच्या ओळीचं उत्तर निघतं आणि ते फारसं गोड नाही. कंपनी आजारी पडली की ती पहिली कात्री लहान गावावर चालवते. दहा विमानांची आठ झाली तर ती दिल्ली-मुंबई सोडत नाही. आणि बंद पडल्यावर तिचे स्लॉट वाटले जातात तेव्हा मुंबईची सकाळची वेळ मिळालेली नवी कंपनी त्यावर बेंगळुरू लावते. लहान गाव कोणाला आठवत नाही. गोंदियाच्या बिरसीला मार्च २०२२ मध्ये फ्लायबिगनं इंदूर आणि हैदराबादला जोडणारं विमान सुरू केलं, काही महिन्यांत ते थांबलं. १ डिसेंबर २०२३ ला इंडिगो आली तोवर धावपट्टी, इमारत, कर्मचारी सगळं जागेवर आणि नियमित विमान मात्र नाही. परत आलं हे खरं, पण का आलं? इंडिगोकडे एटीआर होती आणि हैदराबादला तिचं मोठं केंद्र होतं म्हणून.

अमरावतीचं गणितही तेच. बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मीटरची, १६ एप्रिल २०२५ पासून तिथं अलायन्स एअरचं एटीआर येतं. अलायन्स सरकारी आहे, तेव्हा आज रात्री झोप घालवू नका. पण समजा कधी ते थांबलं, तर ही फेरी उचलणाऱ्यांची यादी एटीआर किंवा तशी लहान विमानं बाळगणाऱ्या दोन-तीन कंपन्यांपुरतीच आहे. आणि त्यांच्यापुढचा पहिला अडसर अमरावतीचा नसेल, मुंबईतल्या वेळेचा असेल. नवी मुंबईचा विमानतळ २०२५ च्या डिसेंबरात सुरू झालाय, तो भरत जाईल तसा हा गळा थोडा सैल व्हावा. तुमच्या अकोल्याच्या शिवणीबद्दल बोलायचं तर ती धावपट्टी १९४३ ची आहे आणि वाढवायची चर्चा मी शाळेत होतो तेव्हापासून ऐकतोय.

परत शेअरकडे. कंपनी अजून उडते आहे की दिवाळखोरीत गेली आहे, यावर उत्तर बदलतं. उडत असेल आणि कोणी नवा पैसा घालणारा आला, तर भाव वर जाऊ शकतो, हे मी नाकारत नाही. पण दिवाळखोरीत गेली की संहितेच्या कलम ५३ ची रांग लागते. आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची २४ महिन्यांची देणी आणि तारण असलेल्या बँका, मग इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिने, मग बिनतारणी कर्जदाते, सरकार आणि बाकीचे. सगळ्यात शेवटी, दाराबाहेर, साधा भागधारक. विमानं आणि स्लॉट या रांगेत येतच नाहीत, कारण ते कंपनीचे नव्हते. जेटचा शेअर २००५ मध्ये लोकांनी ₹१,१०० ला घेतला होता. बंद पडल्यावरही पाच वर्षं लोक तो विकत घेत राहिले, कारण प्रत्येकाच्या कोणत्यातरी साळ्यानं सांगितलं होतं की एवढी मोठी कंपनी अशी जाईल का. गो फर्स्टचा आयपीओ २०२१ मध्ये येणार होता, तो आलाच नाही. ज्यांनी अर्जासाठी पैसे बाजूला ठेवले होते, त्यांनी देवाला नारळ फोडायला हवा.

तरी मन ऐकत नसेल तर तीन गोष्टी बघा. ताफ्यात किती विमानं आहेत हा आकडा सोडा, आज सकाळी किती उडाली ते बघा. विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर ते फुकट दिसतं. दुसरं, एनसीएलटीत भाडेकंपन्यांचे अर्ज आहेत का ते शोधा. एखादा असेल तर तडजोड होते, चार-पाच असतील तर सगळ्यांनी एकमेकांकडे बघून पळायला सुरुवात केलेली असते.

तिसरी गोष्ट सगळ्यात सोपी आणि साळेबुवांची चूक बहुतेक तिथंच झाली असावी. कंपनीचा वार्षिक अहवाल उघडा आणि ताळेबंदाचं पान काढा. एप्रिल २०१९ पासून हिशेबाचा नियम बदललाय, भाड्याची विमानंही आता मालमत्तेच्या बाजूला दिसतात. त्यांची ओळ वेगळी असते, "राइट ऑफ यूज ॲसेट" नावाची, म्हणजे वापरायचा हक्क. माणूस हजारो कोटींची मालमत्ता वाचतो आणि म्हणतो, एवढी विमानं आहेत! तोच आकडा जवळपास तेवढाच किंवा जास्त, खाली देण्यांच्या बाजूला "लीज लायबिलिटी" म्हणून लिहिलेला असतो. मालमत्तेच्या बाजूची ती "राइट ऑफ यूज"ची एक ओळ खोडा आणि मालमत्ता परत बेरजेला घ्या.

बेरीज जुळत नसेल तर त्या पानाचा फोटो इथं टाका, मी बघून सांगतो. सध्या आंबिया फुटतोय, दिवसभर बागेतच असतो, तेव्हा उत्तर रात्री आठनंतर येईल.